रेक, मोंढा आणि पावती: धान्य पाठवण्याआधी आणि विकण्याआधी

मालगाडीच्या एका पूर्ण रेकला साधारण ४२ बंद वाघिणी असतात आणि त्यांत २,६०० टनांच्या आसपास धान्य मावते. पन्नास किलोच्या पोत्यांत मोजले तर ५२,००० पोती. आता आपल्या घराकडे पाहू. पाच एकर मका आणि एकरी २५ क्विंटल उतारा धरला, तर हाती येतो सव्वाशे क्विंटल, म्हणजे साडेबारा टन माल. असे दोनशेहून जास्त शेतकरी एकाच वेळी, एकाच मालधक्क्यावर, एकसारखा वाळलेला मका घेऊन आले, तर कुठे एक रेक भरते.

आपली बरीच दुखणी या हिशोबात आहेत. रेल्वेची मालवाहतूक मोठ्या मालासाठी बेतलेली आहे आणि आपला माल लहान लहान ढिगांत विखुरलेला आहे. म्हणून रेक लावतो तो व्यापारी किंवा कंपनी. ती वेळेवर मिळाली नाही की ‘रॅक नाही, माल उचलत नाही’ असे सांगून मोंढ्यातला भाव खाली येतो. ती मिळाली आणि वाहतूक स्वस्त पडली, तरी त्या बचतीतले चार पैसे आपल्या पट्टीवर दिसतीलच असे नाही. गाडी आपल्या हातात नाही, भावही आपल्या हातात नाही, अशी ही कोंडी आहे.

शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या बैठकांत ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे आणि ती खरी आहे. पण बोलता बोलता असेही लक्षात येते की नुकसान झाल्याचे सगळ्यांना ठाऊक असते, त्याचा कागद मात्र एखाद्याकडेच असतो. धान्याचा व्यवहार वजन, ओलावा, तारीख आणि पावती या चार गोष्टींवर चालतो. या चारही गोष्टी ज्याच्याकडे लिहून ठेवलेल्या असतात, त्याचे म्हणणे टिकते. म्हणून माल घराबाहेर काढण्याआधी काय करायचे, याचीच मांडणी इथे करतो आहे.

रेक का मिळत नाही?

वाघिणींचे वाटप ठरलेल्या प्राधान्यक्रमाने होते. संरक्षण दलांचा माल आधी जातो. रेशनसाठी सरकारी खर्चाने जाणारे गहू-तांदूळ खासगी धान्याच्या पुढे असतात. मनमाडला अन्न महामंडळाच्या गोदामात उत्तरेतून धान्य घेऊन येणाऱ्या गाड्या आपण पाहतोच. शिवाय देशात कोळशाची टंचाई झाली की सगळे वेळापत्रक त्याच्याभोवती फिरते. एप्रिल-मे २०२२ मध्ये वीज केंद्रांना कोळसा पोहोचावा म्हणून प्रवासी गाड्यासुद्धा रद्द झाल्या होत्या. अशा वेळी मक्याच्या रेकची वाट पाहण्यात किती दिवस जातील, हे कुणीच सांगू शकत नाही.

मात्र एकाच प्राधान्य गटातल्या मागण्यांमध्ये नोंदणीची तारीख महत्त्वाची असते. ज्याची मागणी आधी नोंदली गेली, त्याचा क्रमांक आधी. ही साधी वाटणारी तरतूद किती मोलाची आहे, हे कॅनडाच्या शेतकऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले. तिथल्या गव्हाच्या पट्ट्यात वाघिणी आधी धान्यगोदामांच्या मालकांना मिळत आणि शेतकरी ताटकळत राहत. कायद्याने स्थानकावर मागणीची नोंदवही ठेवून तिच्या क्रमानेच वाघिणी द्यायचे बंधन घातले, तरी ते पाळले जाईना. तेव्हा १९०२ मध्ये सिंटालुटा या लहानशा स्थानकावरच्या प्रकरणात शेतकरी संघटना न्यायालयात गेली, आणि क्रम मोडणाऱ्या रेल्वे एजंटला ५० डॉलर दंड झाला. रक्कम लहान होती, पण त्यानंतर त्या प्रदेशात नोंदवहीचा क्रम मोडणे सोपे राहिले नाही. नोंदवहीत नाव आणि तारीख होती, म्हणून ते शेतकरी जिंकले.

आपल्यासाठी यातून निघणारे काम असे: गटाने किंवा कंपनीने रेक लावायची ठरवली तर ती तोंडी ‘सांगून ठेवू’ नका. मागणी रेल्वेच्या ऑनलाइन पद्धतीने किंवा मालधक्क्यावर रीतसर नोंदवा आणि नोंदणी क्रमांक, तारीख, वेळ लिहून ठेवा. विभागीय रेल्वे कार्यालयात २०२० पासून व्यवसाय विकास कक्ष आहेत. नव्या ग्राहकाला माल, दर आणि सवलती समजावून सांगणे हे त्यांचे कामच आहे. पहिली भेट काढणीच्या दोन महिने आधी घ्या, पोती शिवून झाल्यावर नव्हे.

आधी हिशोब: रेल्वे खरेच परवडते का?

ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारी साठ्यातला १,६०० टन कांदा नाशिक जिल्ह्यातून रेल्वेने दिल्लीला गेला. सरकारने तेव्हा दिलेला हिशोब असा होता: रेल्वेने ७० लाख २० हजार रुपये आणि तोच माल ट्रकने नेला असता तर ८४ लाख. बचत १३ लाख ८० हजार. आकडा मोठा वाटतो, पण किलोवर आणला की सुमारे ८६ पैसे होतात.

रेल्वेचा विचार करताना या ८६ पैशांकडे नीट पाहा. ट्रक गावातून थेट गिऱ्हाइकाच्या दारात जातो. रेल्वेत गावातून मालधक्क्यापर्यंत गाडीभाडे, तिथे उतराई, वाघिणीत भराई, पोहोचल्यावर पुन्हा उतराई आणि शेवटच्या टप्प्याचे भाडे असे खर्च वाढतात. दोन जास्तीच्या हमाली, फुटलेली पोती आणि सांडलेले धान्य धरून किलोमागे खर्च किती वाढतो, तो मांडा. तो बचतीपेक्षा कमी असेल तरच रेल्वे. अंतर जितके लांब, तितकी रेल्वे किफायतशीर. जवळच्या बाजारासाठी ट्रकच बरा.

पूर्ण रेक आवाक्यात नसेल तर मधले पर्याय विचारा. कमी वाघिणींची मिनी रेक असते, एकच रेक दोन ठिकाणी भरण्याची सोय असते. कंटेनर हाही चांगला पर्याय आहे. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण वीस-पंचवीस टन धान्य जाते, म्हणजे वर सांगितलेल्या मापाच्या दोन शेतकऱ्यांचा माल. नागपूरच्या मिहानसारख्या ठिकाणी कंटेनर रेल्वेवर चढवण्याची व्यवस्था आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला निघालेल्या पहिल्या किसान रेलमुळे अनेकांना वाटते की ती धान्यासाठीही होती. ती योजना भाजीपाला आणि फळांसारख्या नाशवंत मालासाठी आखलेली होती. धान्याचा हिशोब वेगळाच मांडावा लागतो.

मालधक्क्यावर चुकायचे नसेल तर

रेक लागली की घड्याळ सुरू होते. भरण्यासाठी आणि उतरवण्यासाठी मोजके तासच फुकट मिळतात. त्यानंतर वाघीण अडवल्याबद्दल तासागणिक डेमरेज आणि माल धक्क्यावर पडून राहिल्याबद्दल व्हार्फेज लागते. पन्नास हजारांहून जास्त पोती काही तासांत चढवायची म्हणजे हमालांची टोळी, पोती आणि ट्रक हे तिन्ही आधी जमलेले हवेत. दहा रुपये वाचवण्यासाठी कमी हमाल लावले आणि डेमरेजमध्ये हजारो गेले, असे होऊ देऊ नका. फुकट तास किती आणि पुढचा दर काय, हे मागणी नोंदवतानाच लेखी घ्या.

वाघीण ताब्यात आली की आधी आत जा. दार बंद करून उभे राहा. छतातून किंवा पत्र्यातून उजेड दिसला तर पाऊसही तिथूनच येणार. अशी वाघीण बदलून मागा, तसे लेखी द्या. तळही झाडून घ्या. याच वाघिणीतून आधी खत किंवा सिमेंट आलेले असू शकते.

भरताना ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वजन घालू नका. जादा भारासाठी दंडाचा आकार लागतो आणि तो माल पाठवणाऱ्याच्या माथी येतो.

यानंतरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे रेल्वेची पावती, जिला धक्क्यावर सगळे ‘आरआर’ म्हणतात. तिच्याबाबत तीन गोष्टी पक्क्या करा.

पहिली, आरआर हा मालाच्या मालकीचा कागद आहे. ज्याच्या नावे तो आहे किंवा ज्याला तो सही करून दिला आहे, त्याला माल मिळतो. पैसे हाती येण्याआधी किंवा बँकेमार्फत पक्की व्यवस्था होण्याआधी तो खरेदीदाराला पाठवू नका.

दुसरी, पावतीवर पोत्यांची संख्या आणि वजन कसे लिहिले आहे ते वाचा. भरताना रेल्वेचा कर्मचारी हजर नसेल आणि वजन तपासले नसेल, तर पावतीवर ‘सेड टू कंटेन’, म्हणजे ‘पाठवणाऱ्याच्या सांगण्यानुसार’ अशी नोंद होते. मग पुढे पोती कमी भरली तर ती खरोखर चढवली होती हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. म्हणून मोजणी करणाऱ्या कर्मचाऱ्याची मागणी आधीच करा. ते शक्य नसेल तर वाघीणवार पोत्यांची यादी, काटापावत्या आणि सील क्रमांकांचे फोटो स्वतःजवळ ठेवा.

तिसरी, माल रेल्वेच्या जोखमीवर जातो की मालकाच्या, हे विचारा. मालकाच्या जोखमीवर पाठवलेल्या मालाच्या नुकसानीत रेल्वेचा निष्काळजीपणा तुम्हाला सिद्ध करावा लागतो. तूर किंवा हळदीसारखा महाग माल असेल तर त्याची किंमत घोषित करण्याचाही विचार करा. ती घोषित केली नाही तर भरपाई वजनावर ठरलेल्या मर्यादेतच मिळते.

माल भिजला, कमी आला, उशिरा आला

अशा वेळी संतापून माल उचलून न्यायची घाई होते आणि तिथेच दावा मरतो. पोती भिजलेली दिसली किंवा सील तुटलेले दिसले, तर माल ताब्यात घेण्याआधी ‘ओपन डिलिव्हरी’ मागा. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम ८१ नुसार ती मागण्याचा अधिकार आहे. यात माल उघडून, मोजून, नुकसानीची नोंद करून दिला जातो. ती नोंद हाच पुढच्या दाव्याचा पाया.

त्यानंतर कलम १०६ लक्षात ठेवा. माल रेल्वेच्या स्वाधीन केल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत भरपाईची लेखी नोटीस रेल्वे प्रशासनाला पोहोचलीच पाहिजे. माल मिळाल्यापासून सहा महिने, असा समज करून घेऊ नका. जास्तीचे भाडे घेतले गेले असेल तर त्याच्या परताव्याची नोटीसही सहा महिन्यांतच द्यावी लागते, मात्र ती मुदत भाडे भरल्याची किंवा माल मिळाल्याची, यांतली जी तारीख नंतरची असेल तिच्यापासून मोजतात. रेल्वेने दावा नाकारला किंवा उत्तरच दिले नाही, तर रेल्वे दावा न्यायाधिकरणात जाता येते. त्याची खंडपीठे मुंबई आणि नागपूर इथे आहेत. उशिरामुळे माल खराब झाला तरीही दावा करता येतो. त्यासाठी पाठवल्याची तारीख, पोहोचल्याची तारीख आणि दोन्ही दिवसांचा बाजारभाव यांचे कागद जोडा.

माल पोहोचल्यावर उचलायला उशीर करू नका. प्रवास संपल्यावर सात दिवसांनंतर रेल्वेची जबाबदारी संपते आणि व्हार्फेज मात्र चढत राहते.

मोंढ्यात जाण्याआधी घरचा काटा

बहुतेकांचा माल रेल्वेपर्यंत जातच नाही, तो जवळच्या बाजार समितीत विकला जातो. तिथली फसगत बहुतेक वेळा वजनात, ओलाव्यात आणि कपातीत होते.

ओलाव्याचा हिशोब शिकून घ्या. हमीभाव खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची अट असते. समजा तुमच्या सोयाबीनमध्ये १६ टक्के ओलावा आहे. दहा क्विंटल माल १२ टक्क्यांवर वाळवला तर तो सुमारे ९ क्विंटल ५५ किलो भरेल. ओल्या मालाला ४,००० रुपये भाव मिळत असेल, तर वाळलेल्या मालाला साधारण ४,१९० च्या वर भाव मिळाला तरच वाळवण्यात फायदा. त्यापेक्षा कमी फरक असेल तर ओला विकलेला बरा. आणि व्यापारी चार टक्के जादा ओलाव्यासाठी पाचशे रुपये कापत असेल, तर एक दिवस ताडपत्रीवर माल पसरणे ही चांगली मजुरी आहे. ओलावामापक गटात एक असला तरी पन्नास घरांना पुरतो.

घरून निघताना माल मोजून न्या. बाजारातल्या काट्यावर वैध मापन शास्त्र विभागाचा चालू वर्षाचा शिक्का आहे का ते पाहा. कडता, मातेरे, नमुना अशा कोणत्याही नावाने वजन कापले, तर ते पट्टीवर लिहून मागा. लिहून द्यायला समोरचा कचरला की कपात बरेचदा तिथेच थांबते. हमाली, तोलाई आणि आडत कुणाकडून किती घ्यायची, याचा फलक समितीत असतो. पट्टी त्याच्याशी ताडून पाहा. मालाचे पैसे २४ तासांत मिळायला हवेत. पंधरा दिवसांनंतरचा धनादेश स्वीकारणे म्हणजे व्यापाऱ्याला बिनव्याजी कर्ज देणे. तसे होत असेल तर बाजार समितीच्या सचिवांकडे आणि तिथे दाद लागली नाही तर जिल्हा उपनिबंधकांकडे पट्टीच्या प्रतीसह लेखी तक्रार करा.

थांबायचे की विकायचे?

काढणीच्या तोंडावर भाव पडतो, कारण सगळ्यांचा माल एकदम येतो आणि सगळ्यांना पैशाची नड एकदम असते. या नडीवर कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना हा जुना आणि चांगला उतारा आहे. १९९०-९१ पासून चालणाऱ्या या योजनेत माल बाजार समितीच्या गोदामात ठेवून सोयाबीन, तूर, हरभरा, मका अशा पिकांवर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते. मुदत १८० दिवस, व्याज वार्षिक ६ टक्के. सहा महिन्यांत फेड केली नाही तर व्याजदर वाढतो.

हिशोब असा करा. २० क्विंटल सोयाबीन, भाव ४,२०० रुपये, किंमत ८४,०००. कर्ज ६३,०००. सहा महिन्यांचे व्याज १,८९०, म्हणजे क्विंटलला सुमारे ९५ रुपये. त्यात नेण्या-आणण्याचा खर्च आणि वाळून होणारी घट मिळवा. भाव क्विंटलला दोन-अडीचशेने वाढण्याची खरी शक्यता वाटत असेल तर थांबा. नुसत्या आशेवर थांबू नका. सगळा माल एकाच दिवशी विकण्यापेक्षा तीन हिश्श्यांत विकला तर एका वाईट दिवसाचा फटका कमी बसतो.

समितीत ही योजना चालत नसेल तर वखार महामंडळाचे किंवा नोंदणीकृत खासगी गोदाम पाहा. तिथली इलेक्ट्रॉनिक गोदाम पावती बँकेत तारण ठेवता येते. गोदामात माल देताना प्रत, ओलावा आणि वजन पावतीवर बरोबर उतरले आहे याची खात्री करा. पुढे कर्ज आणि विक्री दोन्ही त्या नोंदीवर अवलंबून असतात.

हमीभावाच्या खरेदीबाबत एकच सांगणे: लवकर नोंदणी करा. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि अनेक बाजारांत भाव ४,००० च्या आसपास घुटमळत होता. तेव्हा आधी ओलाव्याच्या अटीने माल परत गेला, नोव्हेंबरात ती अट १५ टक्क्यांपर्यंत सैल झाली आणि पुढे बारदान्याअभावी केंद्रे अडली. ज्यांची नोंदणी मागे होती त्यांच्यापर्यंत खरेदी पोहोचण्याआधीच हंगाम सरला. २०२५-२६ साठी सोयाबीनला ५,३२८ आणि तुरीला ८,००० रुपये हमीभाव जाहीर झाला, पण नोंदणी, पीकपेऱ्याची सातबाऱ्यावरची नोंद आणि आधार जोडलेले बँक खाते तयार नसेल तर जाहीर झालेला भाव आपल्या कामाचा नाही. ई-पीक पाहणी वेळेत करा. खरेदी केंद्रावरचा निम्मा वाद तिथेच मिटतो.

एकट्याने नको

रेक, कंटेनर, गोदाम, ओलावामापक, मोठा खरेदीदार या सगळ्यांसाठी एका घरचा माल लहान पडतो. दोनशे घरांचा माल एका प्रतीचा करून विकणारी शेतकरी उत्पादक कंपनी समोर बसली की बोलणी बदलतात. अशा कंपनीने मोठा सौदा करताना भाव कुठला हे स्पष्ट लिहून घ्यावे: गोदामातून उचल की गिऱ्हाइकाच्या दारात पोहोच. ओलावा कुठे मोजायचा, वजन कुठल्या काट्याचे धरायचे, रेक उशिरा लागली तर साठवणीचा खर्च कुणाचा आणि पैसे किती दिवसांत, या चार ओळी करारात नसतील तर सही करू नका. रेक लागली नाही म्हणून सौदा मोडला, असे पुढे ऐकावे लागले तर याच ओळी आपल्या बाजूने बोलतील.

धोरणांत बदल व्हायलाच हवेत. काढणीच्या महिन्यांत शेतमालासाठी राखीव वाघिणी हव्यात, लहान स्थानकांवर पत्र्याचे छत असलेले मालधक्के हवेत, खरेदी केंद्रांवर हंगामाआधी बारदाना हवा. या मागण्या आपण खासदारांकडे, रेल्वेकडे आणि पणन विभागाकडे केल्याच पाहिजेत. पण कुठल्या तारखेला रेकची मागणी केली, ती किती दिवसांनी मिळाली, तेवढ्या काळात भाव किती पडला आणि किती क्विंटलला फटका बसला, याचे पान जोडले तर त्या मागणीला वजन येते. ते पान आपल्याशिवाय दुसरे कुणी लिहिणार नाही.

म्हणून पेरणी आटोपली की गावात एक बैठक घ्या. गटाच्या खर्चातून एक तपासलेला वजनकाटा, एक ओलावामापक आणि एक जाड नोंदवही घ्यायचे ठरवा, आणि नोंदवही कोण लिहिणार त्याचे नाव त्याच बैठकीत नक्की करा.